पडद्यावरची स्पर्धा आणि क्रीडेची कसोटी : प्रस्तावना

व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना खऱ्या अर्थाने क्रीडाप्रकार मानावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्याख्येचा वाटतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत परदेशी खेळाडूचा देशातील प्रवेश, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचे अंदाजपत्रक आणि व्यावसायिक खेळाडूचे वेतन या अत्यंत व्यावहारिक बाबी त्याच्या उत्तरावर अवलंबून राहिल्या आहेत. म्हणूनच तत्त्वज्ञांच्या चर्चासत्रांबरोबर हा प्रश्न व्हिसा देणाऱ्या कचेरीत, विद्यापीठांच्या नियामक मंडळांत आणि न्याय खात्यातही उपस्थित झाला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला निराळे उत्तर मिळाले. या उत्तरांचा एकत्रित विचार करणे हा प्रस्तुत ग्रंथाचा हेतू आहे. या स्पर्धांत शरीर पुरेसे राबते की नाही, यावर आजवर सर्वाधिक वाद झाला असला, तरी निर्णायक प्रश्न तो नसून खेळाची मालकी कोणाकडे आहे हा आहे, हे या ग्रंथाचे प्रतिपादन असून प्रस्तावनेत त्याची पार्श्वभूमी मांडली आहे.

प्रथम ‘ई-स्पोर्ट्स’ या संज्ञेची मर्यादा निश्चित करणे आवश्यक आहे. घरी करमणूक म्हणून खेळला जाणारा प्रत्येक व्हिडिओ गेम या संज्ञेत बसत नाही. दोन किंवा अधिक खेळाडू अथवा संघ समान नियमांखाली एकमेकांविरुद्ध उतरतात, निकाल मुख्यतः कौशल्यावर ठरतो, आणि पंच, वेळापत्रक, गुणतक्ता, प्रेक्षक व पारितोषिके यांची रीतसर व्यवस्था असते, अशाच स्पर्धा येथे अभिप्रेत आहेत. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ एकमेकांचा तळ उद्ध्वस्त करण्यासाठी झुंजतात, ‘स्ट्रीट फायटर’मध्ये दोन खेळाडू आपापल्या योद्ध्याला लढवतात, ‘एनबीए टू-के’मध्ये पडद्यावर बास्केटबॉलचाच सामना रंगतो. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन पत्ते किंवा नशिबावर चालणारे खेळ या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहेत, कारण त्यांचे नैतिक व कायदेशीर प्रश्न मुळातच वेगळे आहेत.

या स्पर्धांचा उगम अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ सिद्ध केला. पुढे १९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत या खेळाची स्पर्धा भरली, आणि तिचे बक्षीस ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी एवढेच होते. अटारी कंपनीने १९८० मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची राष्ट्रीय स्पर्धा घेतली, तेव्हा तिच्यात दहा हजारांहून अधिक लोक उतरले. आयोवा राज्यातील ओटम्वा या लहानशा गावात वॉल्टर डे यांनी १९८१ मध्ये ‘ट्विन गॅलक्सीज’ हे आर्केड, म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांचे केंद्र सुरू केले, आणि पुढच्याच वर्षापासून देशभरातील उच्चांकांची पडताळणी करून त्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. खेळाला विक्रमांची वही मिळाली, आणि एका गावातील मुलाला शेकडो मैल दूर असलेल्या अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी आपली बरोबरी करून पाहता येऊ लागली.

यानंतरच्या वाढीचा वेग मोठा होता. १९९७ मध्ये ‘क्वेक’ या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेत डेनिस फाँग यांनी खेळाचे एक निर्माते जॉन कारमॅक यांची स्वतःची फेरारी मोटार बक्षीस म्हणून जिंकली. २०१३ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये, म्हणजे लेकर्स या नामांकित बास्केटबॉल संघाच्या घरच्या मैदानावर झाला. २०१९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश स्टेडियमवर, जेथे अमेरिकन ओपन टेनिसचे अंतिम सामने होतात, काइल गियर्सडॉर्फ या सोळा वर्षांच्या खेळाडूने ‘फोर्टनाइट’च्या विश्वचषकात ३० लाख डॉलरचे पारितोषिक मिळवले. ही मान्यता मात्र निर्विवाद नव्हती. ईएसपीएन या क्रीडावाहिनीचे तत्कालीन अध्यक्ष जॉन स्किपर यांनी २०१४ मध्ये या प्रकाराची गणना बुद्धिबळासारख्या चढाओढींत केली आणि आपल्याला रस खऱ्या क्रीडाप्रकारांत असल्याचे सांगितले. त्याच समूहाच्या दुसऱ्या वाहिनीने २०१५ मध्ये ‘हीरोज ऑफ द डॉर्म’ या महाविद्यालयीन व्हिडिओ गेम स्पर्धेचा अंतिम सामना थेट दाखवला. तेव्हा प्रेक्षकसंख्या आणि पैसा यांच्या जोरावर या प्रकाराने क्रीडाजगताचे दार उघडले, हे खरे. परंतु गर्दी आणि बक्षिसाची रक्कम यांनी कोणतीही चढाओढ क्रीडाप्रकार ठरत नाही, त्यासाठी निकष लागतात.

असे निकष देणारी विद्वत्परंपरा समृद्ध आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळकर वृत्ती ही संस्कृतीच्या मुळाशी असल्याचे मांडले. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये असे दाखवून दिले की, सोपा मार्ग उपलब्ध असताना माणूस जाणूनबुजून अवघड मार्ग पत्करतो, आणि तो केवळ त्या कृतीसाठी पत्करतो, तेथे खेळ सुरू होतो. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात टाकता येत असूनही खेळाडू तो काठीनेच तेथवर नेतो. त्याच वर्षी ॲमहर्स्ट महाविद्यालयातील अभ्यासक ॲलन गुटमन यांनी ‘फ्रॉम रिच्युअल टू रेकॉर्ड’ या ग्रंथात आधुनिक क्रीडेची सात लक्षणे सांगितली : ऐहिकता, संधीची समानता, भूमिकांचे विशेषीकरण, नियमांची तर्कशुद्ध रचना, प्रशासकीय यंत्रणा, मोजमाप आणि विक्रमांचा ध्यास. ही सातही लक्षणे ई-स्पोर्ट्समध्ये कमीअधिक प्रमाणात आढळतात. किंबहुना मोजमापाच्या बाबतीत, प्रत्येक कळ दाबल्याची नोंद यंत्रात आपोआप होत असल्यामुळे, हा प्रकार अनेक जुन्या खेळांच्या पुढे आहे. तथापि गुटमन यांच्याच वर्गीकरणात क्रीडा ही शारीरिक चढाओढ असते, आणि आक्षेपकांचा मुख्य भर याच अटीवर आहे.

या अटीचा विचार करताना एका प्रत्यक्ष डावाकडे बारकाईने पाहणे उपयुक्त ठरते. २००४ साली कॅलिफोर्नियातील पोमोना येथे झालेल्या ‘एव्हो’ या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’च्या तिसऱ्या मालिकेतील एका सामन्यात जपानचे दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचे जस्टिन वाँग समोरासमोर होते. उमेहारा यांच्या योद्ध्याची जीवनरेषा जवळजवळ संपली होती. या खेळात विशेष हल्ला नुसता अडवला तरी थोडी हानी होतेच, त्यामुळे त्यांना अडवण्याचाही मार्ग उरला नव्हता. वाँग यांनी सलग पंधरा प्रहारांचा हल्ला सोडला. अशा वेळी ‘पॅरी’ हा एकच उपाय असतो. प्रहार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी दांडी प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलायची, म्हणजे हानी न होता प्रहार परतवला जातो. त्यासाठी मिळणारा अवकाश सेकंदाच्या अगदी लहान अंशाएवढा असतो, आणि दांडी चुकीच्या क्षणी हलली तर डाव संपतो. उमेहारा यांनी पहिला प्रहार प्रत्यक्ष दिसण्यापूर्वीच हेरला, पंधराही प्रहार त्यांच्या लयीत परतवले, शेवटचा हवेत उडी घेऊन परतवला आणि लगेच प्रतिहल्ला करून तो सामना जिंकला. स्पर्धेचे अजिंक्यपद त्यांना मिळाले नाही, तरीही वीस वर्षांनंतर लोक त्या सामन्याचे चित्रीकरण पाहतात.

या काही सेकंदांत घडले ते निव्वळ बौद्धिक नव्हते. बुद्धिबळात पटावरचे मोहरे खेळाडूच्या वतीने दुसऱ्या कोणी हलवले तरी खेळीचे मोल तसूभरही बदलत नाही. पॅरीचा निर्णय मात्र हाताच्या अचूक हालचालीपासून वेगळा काढता येत नाही, आणि ती हालचाल वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली असते. या सरावाचा ताण शरीरावर पडतो. अमेरिकेतील ‘क्लाउड नाइन’ या संघाचा कर्णधार हाय लाम याने २०१५ मध्ये खेळातून निवृत्ती जाहीर करताना मनगटाची दुखापत हे एक कारण दिले होते. त्याच वर्षी एका व्यावसायिक खेळाडूने आपल्या संघाने ॲडरॉल हे एकाग्रता वाढवणारे औषध घेतल्याची कबुली दिल्यानंतर ईएसएल या स्पर्धासंस्थेला उत्तेजक द्रव्यांची चाचणी सुरू करावी लागली. तत्त्वज्ञ जिम पॅरी यांनी २०१८ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मानण्याविरुद्ध गंभीर युक्तिवाद मांडला असून त्यांच्या मते क्रीडेत मानवी शरीराच्या कौशल्याची प्रत्यक्ष कसोटी लागावी लागते, तर येथे बोटांच्या हालचालींचा परिणाम आभासी जगात घडतो आणि संपूर्ण शरीराचा कस लागत नाही. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु नेमबाजीत खेळाडूचे सारे कौशल्य शरीर स्थिर ठेवण्यात असते, आणि नेमबाजी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून क्रीडाप्रकार म्हणून मान्य आहे. तेव्हा शरीर किती हलावे याची रेषा परंपरेने आखली आहे, तर्काने नव्हे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर याच्या जवळचा एक प्रश्न २००१ मध्ये आला होता. केसी मार्टिन हा गोल्फपटू उजव्या पायाच्या रक्ताभिसरणाच्या जन्मजात विकारामुळे मैदानभर चालू शकत नव्हता, आणि व्यावसायिक स्पर्धांत गाडी वापरण्याची परवानगी त्याने अपंगत्वविषयक कायद्याच्या आधारे मागितली. ‘पीजीए टूर’ या संघटनेचे म्हणणे असे होते की चालण्यातून येणारा थकवा हा स्पर्धेचा अविभाज्य भाग आहे. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल देताना चालणे हा गोल्फचा गाभा नसून चेंडू अचूक मारणे हा गाभा आहे, अशी भूमिका घेतली. गोल्फसारख्या प्रतिष्ठित खेळातही श्रम आणि कौशल्य वेगळे काढता येतात, आणि वेगळे काढल्यावर खेळाचे सत्त्व कौशल्यात सापडते, हे या निकालाचे तात्पर्य आहे. ई-स्पोर्ट्सच्या शारीरिकतेवर होणारा आक्षेप त्यामुळे पूर्णपणे नाहीसा होत नाही, परंतु त्याचा निर्णायकपणा मात्र जातो.

शासनयंत्रणेने या तात्त्विक वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या खेळाडूंना पी-१ वर्गाचा व्हिसा मिळतो. ‘लीग ऑफ लेजंड्स’ची निर्माती रायट गेम्स हिच्या प्रयत्नांनंतर २०१३ मध्ये कॅनडाचा डॅनी ले या खेळाडूला तो देण्यात आला, आणि व्हिडिओ गेमचा व्यावसायिक स्पर्धक कायद्याच्या दृष्टीने प्रथमच खेळाडू ठरला. पण ही मान्यता सर्वांना सारखी लाभली नाही. स्वीडनच्या विल्यम येल्ते याचा खेळ ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा होता, आणि त्याच्या स्पर्धा प्रामुख्याने खेळाडूंच्या समुदायाने चालवलेल्या असत, त्यामुळे त्याला दीर्घकाळ झगडावे लागले. २०१६ मध्ये त्याच्यासाठी व्हाइट हाउसकडे केलेल्या याचिकेने एक लाख सह्यांचा टप्पा गाठला. ज्या खेळामागे मोठी कंपनी उभी होती, त्याच्या खेळाडूला दार लवकर उघडले, आणि जो खेळ खेळाडूंनी स्वतःच्या बळावर उभा केला, त्याच्या खेळाडूला ताटकळावे लागले. मान्यतेचा मार्ग मालकीवरून जातो, याचा हा पहिला ठळक पुरावा होय.

विद्यापीठांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. शिकागो येथील रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या खेळाडूंना क्रीडाविभागामार्फत शिष्यवृत्ती जाहीर केली, आणि तीत शिक्षणशुल्क व निवास-भोजन यांच्या निम्म्यापर्यंतचा खर्च समाविष्ट होता. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेने स्वतंत्र क्रीडागार उभारले, परंतु हा उपक्रम क्रीडाविभागाऐवजी विद्यार्थी-कल्याण विभागाकडे ठेवला. त्याच वर्षी महाविद्यालयीन ई-स्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि काही वर्षांतच तिची सदस्यसंख्या दीडशेच्या पुढे गेली. माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये प्लेव्हीएस या कंपनीशी करार केला, आणि काही राज्यांत व्हिडिओ गेम हा शालेय स्पर्धांचा भाग झाला. मात्र महाविद्यालयीन क्रीडेची सर्वांत बलाढ्य नियामक संस्था, म्हणजे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, हिने २०१९ मध्ये हा विषय बाजूला ठेवला. खेळाडूंमध्ये पुरुषांचे प्रचंड प्राबल्य, काही खेळांतील हिंसा आणि स्त्रियांशी होणारे वर्तन यांविषयी तिच्या नेतृत्वाने उघडपणे चिंता व्यक्त केली होती; शिवाय बक्षिसे व प्रक्षेपणातून कमावणारे हे विद्यार्थी तिच्या हौशीपणाच्या तत्कालीन नियमांत बसत नव्हते.

यांतील पहिल्या चिंतेमागे ‘टायटल नाइन’ हा १९७२ चा कायदा आहे. केंद्रीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास तो मनाई करतो, आणि त्यामुळे क्रीडेच्या संधी विद्यार्थी-विद्यार्थिनींना न्याय्य प्रमाणात द्याव्या लागतात. एखादा उपक्रम क्रीडाप्रकार मानला, तर त्यातील जागा या हिशेबात येतात. म्हणून क्रीडाप्रकार म्हणजे काय, हे न्यायालयांना ठरवावे लागते. कनेटिकट राज्यातील क्विनिपिॲक विद्यापीठाने २००९ मध्ये महिलांचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी स्पर्धात्मक चिअरलीडिंगचा संघ उभारण्याचे ठरवले, तेव्हा खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी २०१० मध्ये निकाल दिला की हा प्रकार भविष्यात क्रीडाप्रकार ठरू शकेल, परंतु तूर्त त्याची संघटना फारच अपुरी आहे. अपील न्यायालयाने हा निकाल २०१२ मध्ये कायम केला. चिअरलीडिंगमध्ये कसरत, उड्या आणि मनोरे यांमुळे शारीरिक श्रमाची मुळीच वाण नव्हती. उणीव होती ती एकसमान नियमांची, नियमित स्पर्धाक्रमाची आणि समान दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांची. घाम भरपूर असूनही संघटनेअभावी एक प्रकार क्रीडेच्या बाहेर राहिला, याचा अर्थ कायद्याने क्रीडेचे सत्त्व सार्वजनिक व्यवस्थेत शोधले. ई-स्पोर्ट्सपाशी नियम, हंगाम, पंच आणि प्रतिस्पर्धी हे सारे आहे. मग त्याची व्यवस्था खरोखर सार्वजनिक आहे का, हा प्रश्न अटळपणे पुढे येतो.

या प्रश्नाचे महत्त्व बास्केटबॉलच्या इतिहासावरून उमगते. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला. म्हणजे व्हिडिओ गेमप्रमाणेच त्यालाही ज्ञात निर्माता आहे. परंतु त्यांचे तेरा नियम लगेच प्रसिद्ध झाले आणि ज्याच्यापाशी चेंडू व टोपली होती त्याचा तो खेळ झाला. पुढे १९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली, तिने दूरवरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम लोकप्रिय केला, आणि ती एनबीए या जुन्या व्यावसायिक संघटनेत विलीन झाल्यानंतर १९७९ मध्ये एनबीएने तोच नियम स्वीकारला. खेळ कोणाच्याही मालकीचा नव्हता म्हणूनच दुसरी संघटना काढता आली आणि खेळ सुधारला. महाराष्ट्रातील अनुभवही हेच सांगतो. खो-खो आणि हुतुतू हे गावोगाव निरनिराळ्या रीतींनी खेळले जाणारे खेळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिमखाने आणि व्यायाम मंडळे यांनी लेखी नियमांत बांधले, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. नियम बांधणारे बदलले, संस्था आल्या आणि गेल्या, पण खेळ खेळणाऱ्यांचाच राहिला.

व्हिडिओ गेम मात्र कायद्याने त्याच्या प्रकाशकाची, म्हणजे तो तयार करून विकणाऱ्या कंपनीची, बौद्धिक संपदा असतो. नियम आज्ञावलीत कोरलेले असतात आणि ‘पॅच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणांद्वारे कंपनी ते केव्हाही बदलू शकते. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये असे बदल साधारणपणे दर दोन आठवड्यांनी होतात. २०१३ च्या जुलैमध्ये निन्टेंडो कंपनीने एव्हो स्पर्धेतील ‘मेली’चे सामने थांबवण्याचा प्रयत्न केला आणि लोकक्षोभामुळे काही तासांत माघार घेतली, परंतु अधिकार आपलाच आहे ही तिची भूमिका कायद्याच्या दृष्टीने अबाधित राहिली. याहून बोलके उदाहरण ‘हीरोज ऑफ द डॉर्म’चे आहे. ज्या स्पर्धेत २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेचा संघ विजयी झाला आणि जिच्या विजेत्यांना शिक्षणशुल्काचे पारितोषिक होते, ती स्पर्धा व त्या खेळाची संपूर्ण व्यावसायिक मालिका ब्लिझार्ड कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये एका निवेदनाद्वारे संपवली, आणि पुढच्या हंगामाच्या तयारीत असलेल्या खेळाडूंपाशी दाद मागण्याची जागा नव्हती. त्याच कंपनीच्या ‘ओव्हरवॉच लीग’मध्ये शहरांच्या नावाचे संघ विकत घेण्यासाठी पारंपरिक क्रीडासंघांच्या मालकांनी मोठी गुंतवणूक केली, २०१८ मध्ये सुरू झालेली ही साखळी २०२३ च्या हंगामानंतर बंद पडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्याने खेळाडूंचे वेतन दाबून ठेवणाऱ्या नियमाबद्दल ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डवर स्पर्धाविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला आणि कंपनीने तडजोड स्वीकारली. खेळाडू हे श्रमिक आहेत आणि त्यांना संरक्षण आहे, हे सरकारने मान्य केले. पण खेळाच्या अस्तित्वाला असे कोणतेच संरक्षण आजही नाही.

प्रकाशकांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. एखादा खेळ तयार करण्यास प्रचंड भांडवल आणि शेकडो लोकांचे श्रम लागतात, सर्व्हर चालू ठेवण्याचा खर्च सतत होत राहतो, आणि नियमांतील बदलांमुळे एखादी एकतर्फी चाल सर्वांवर मात करून खेळ निरस करण्याचा धोका टळतो. निर्मात्याचा हक्क हिरावून घ्यावा, असे येथे सुचवायचे नाही. मात्र जी वस्तू कंपनी केवळ विकते तिच्यावरील हक्क, आणि ज्या खेळासाठी शाळा व विद्यापीठे शिष्यवृत्त्या देतात, ज्यावर तरुण आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे लावतात, त्यावरील हक्क, यांत फरक केला पाहिजे. पहिला निरंकुश असू शकतो, पण क्रीडेचा सन्मान हवा असेल तर दुसऱ्याला उत्तरदायित्वाची जोड असलीच पाहिजे.

आरोग्य आणि सामाजिक वर्तन यांविषयीच्या आक्षेपांनाही या ग्रंथात स्वतंत्र जागा दिली आहे. शाळांत खेळांना स्थान देण्यामागे मुलांच्या शरीराची जोपासना हे एक प्रमुख कारण असते, आणि पडद्यासमोर बसून ते साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात व्हिडिओ गेमच्या अनावर सवयीला विकार म्हणून स्थान दिले आहे. म्हणून ई-स्पोर्ट्सला मान्यता देणाऱ्या शाळेने तो शारीरिक शिक्षणाला पर्याय समजू नये, एवढी अट रास्तच आहे. स्त्रियांच्या सहभागाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण स्नायूंच्या बळावर निकाल अवलंबून नसलेल्या या प्रकारात स्त्री-पुरुषांनी बरोबरीने उतरण्यास शरीराचा अडसर नाही. तरीही स्त्रिया मागे राहतात, याचा दोष खेळाच्या रचनेपेक्षा त्याच्याभोवतीच्या वातावरणाकडे जातो. याच प्रकारात अपंग व्यक्तींना विशेष नियंत्रकांच्या साहाय्याने इतरांबरोबर एकाच सामन्यात उतरता येते, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

मराठी वाचकासाठी हा विषय परका राहिलेला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले ज्या शाळांत शिकतात, तेथे बास्केटबॉलच्या संघाबरोबर ई-स्पोर्ट्सचा संघही असू शकतो, आणि त्यात घालवलेल्या वेळाला अभ्यासाबाहेरील प्रावीण्य म्हणावे की वेळेचा अपव्यय, हा निर्णय आईवडिलांना घ्यावा लागतो. भारतात २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा समावेश बहुक्रीडा स्पर्धांच्या वर्गात केला, २०२३ मध्ये हांगचौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकांचा दर्जा होता, आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे खेळ निषिद्ध ठरवताना ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढून मान्यता दिली. मान्यता म्हणजे काय, हे महाराष्ट्राने २०२२ मध्येच दहीहंडीच्या निमित्ताने अनुभवले आहे. राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तेव्हा चर्चा गोविंदांच्या श्रमांपेक्षा शासकीय नोकरीतील आरक्षण आणि सुरक्षितता यांची झाली. दर्जा देणे म्हणजे जबाबदारी स्वीकारणे, हे त्या चर्चेने स्पष्ट केले, आणि ई-स्पोर्ट्सच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो.

ग्रंथाचे पहिले तीन भाग अनुक्रमे अमेरिकेतील स्पर्धांचा इतिहास, क्रीडेच्या व्याख्यांची छाननी, आणि विद्यापीठे, व्हिसा व न्यायालये यांचे निर्णय यांना वाहिले असून चौथ्या भागात मालकीच्या प्रश्नाची चर्चा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष येथे स्पष्टपणे सांगणे योग्य ठरेल. ई-स्पोर्ट्सचे खेळाडू हे खेळाडूच आहेत. त्यांचे कौशल्य शरीराशी निगडित आहे, त्यांचा सराव कठोर आहे, आणि व्हिसा, शिष्यवृत्ती, वैद्यकीय देखभाल व वेतनाचे संरक्षण यांवर त्यांचा हक्क आजच मान्य केला पाहिजे. परंतु एखाद्या विशिष्ट गेमला क्रीडाप्रकाराचा पूर्ण दर्जा देताना विद्यापीठांनी व क्रीडासंस्थांनी प्रकाशकाकडून काही गोष्टी लेखी मागितल्या पाहिजेत : हंगाम चालू असताना नियम स्थिर राहतील, शिस्तभंगाचा निवाडा कंपनीपासून स्वतंत्र असलेले मंडळ करील, शाळा आणि हौशी मंडळे यांना विनाशुल्क स्पर्धा भरवता येतील, खेळाडूंच्या संघटनेला नियमबदलात मत असेल, आणि स्पर्धा बंद करायची झाल्यास पुरेशी पूर्वसूचना देऊन खेळ समुदायाच्या हाती सोपवला जाईल. ज्या गेमचे प्रकाशक या अटी स्वीकारतील, त्याला क्रीडाप्रकार म्हणण्यास कोणताही तात्त्विक अडथळा उरत नाही. जे स्वीकारणार नाहीत, त्यांच्या स्पर्धा कितीही भव्य झाल्या तरी त्या एका कंपनीच्या मालाची जाहिरातच राहतील. ही मागणी करण्याची ताकद आज विद्यापीठांपाशी, क्रीडासंघटनांपाशी आणि आपल्या मुलांना या संघांत पाठवणाऱ्या पालकांपाशी आहे, आणि मान्यता देऊन झाल्यानंतर ती राहणार नाही. म्हणून तिचा वापर मान्यतेपूर्वीच व्हावा, यासाठी हा ग्रंथ लिहिला आहे.